वाळवण

कोण जिंकलं, ते मला विचारू नका, मास्तर.
त्या पहाटे मी म्हाकुळं वाळत घालत होते.
बांबूच्या ताटीवर एकेक पसरायचं,
पाय मोकळे करायचे,
पोटातली शाई खाडीत सोडून द्यायची.
समुद्र तेलासारखा. बेटांवर धुकं.
खाडीच्या तोंडाशी आमच्या दोन लढाऊ नौका
नांगर टाकून झोपलेल्या.
त्यांचे खलाशी आदल्या सांजेला
माझ्याकडून बारा नारळ घेऊन गेलेले,
उधारीवर.

आभाळ फाटलं, असं लोक सांगतात.
तसं नव्हतं ते.
आधी कोंबड्या गप्प झाल्या.
मग ताटी थरथरली, आणि मेलेली म्हाकुळं
सगळी एका अंगाला सरकली.
आवाज त्यानंतर आला.

माझं माहेर को कोंगचं.
दोन भरत्यांची वाट, वारा असला तर एकच.
तिथे झेंडा फ्रेंचांचा, शिव्या मात्र आमच्याच बोलीत.
माझ्या जन्माआधी कुण्या साहेबांनी
टेबलावर रेघ ओढली, ती पाण्यातून गेली.
म्हणून लग्नात मला सासर मिळालं
आणि वर एक परदेशही.
मासळीला हे कुणी कळवलं नाही.

धाकटा भाऊ न्येम, माझा एकुलता मुराळी,
तिकडे पलटणीत भरती झालेला.
दीर च्याम इकडे मोठ्या बोटीवर आचारी.
माझ्या लग्नात दोघं एका पानावर जेवले होते.
ताडी चढल्यावर
खेकडा कुणाचा मोठा, यावरून भांडले,
आणि तिथंच चटईवर झोपले.

टेकडीवरून आम्ही पाहिलं.
दोन्ही लहान नौका उताण्या पडल्या होत्या.
मोठी बोट बेटांच्या आडून, वाकडी होत,
जळत, तरी तोफा डागत चाललेली.
पोरं आवाज मोजत होती.
साठापुढे त्यांना येत नव्हतं,
मग पुन्हा एकपासून.

तेवढ्यात विमान आलं. आपलं.
पोरांनी हात हलवले.
त्यानं बॉम्ब टाकला तो आपल्याच बोटीवर,
म्हणे स्वयंपाकघरावर,
जिथे च्याम तांदूळ धूत असेल.
किंवा नसेल.
सासूबाई मरेपर्यंत त्या ‘नसेल’वर जगल्या.

न्येमचं तीन महिन्यांनी कळलं.
मीठवाला चिनी सांगून गेला, पोत्यावर बसून,
घाम पुसत, नजर न देता.
डोंगरापलीकडे, धान कापलेल्या रानात,
अंधारात दोन्हीकडचे पालथे पडलेले.
समोरून कुणीतरी हाक मारली, “कोण रे तिकडे?”
आईच्या बोलीत.
न्येम उठून उभा राहिला.

तह झाला तो तिसऱ्याच कुणाच्या जहाजावर.
सहीला शाई लागते.
आम्ही ती रोज फेकून देतो.
रेघ सरकली, पण भाताच्या मुलखात, लांब.
माझ्या माहेराला शिवलीसुद्धा नाही.
पाच वर्षांनी होती तिथे परत गेली.
राजधानीत विजयाचा खांब बांधला, तुम्ही पाहिला असेल.
तिकडेही पदकं वाटली, असं मीठवाला म्हणाला.
नारळांचे पैसे कुणाकडे मागायचे,
ते कुठल्याच कागदात नव्हतं.

त्या साली आमच्या गावात कुणी खेकडा खाल्ला नाही.
का, ते कुणी बोललं नाही.

पण त्या दिवशीची म्हाकुळं मी फेकली नाहीत.
काजळी बसली होती, तेलाचा वास येत होता.
दोनदा खाऱ्या पाण्यातून काढली, पुन्हा वाळवली.
मीठवाल्यानं निम्म्या दरानं उचलली
आणि को कोंगच्या बाजारात विकली.

आईचं घर बाजारालगतच होतं.
तिनं ती घेतली का,
विचारायचं राहून गेलं.