खिंडीचा पायथा

दिवाळे कोळीवाड्यात चांगुणाबाईंनी
माझ्या पिशवीला लटकलेला शिंपला
उलटा करून पाहिला.
"केवढ्याला?"
चार युरो. रुपये मी सांगितले नाहीत.
"आन् आतला?"
रिकामाच मिळतो फ्रान्सात.

त्या हसल्या तशा शेजारच्या दोघी वळल्या.

मी सांगतच राहिले :
गावाच्या नावाचा अर्थच खिंडीचा पायथा,
दारांवर कोरलेली सालं,
चढाची एकच गल्ली,
पहाटे काठ्या टेकत डोंगरात निघणारी माणसं.
आम्ही वेशीपर्यंत गेलो, आणि बसने परतलो.
यांचा गुडघा.

तिसऱ्यांचा वाटा त्यांनी ओतला,
वर मूठभर.
"पारसिकला पन पायथा हाय," म्हणाल्या,
"गेलीस कंदी?"

बेलापुरात वीस वर्षं झाली.

रात्री सगळ्या उघडल्या.
एक उघडलीच नाही.