सात होत्या, सात आहेत

धानोरीत माझं दुकान, धावपट्टीच्या रेषेत.
विमान आलं की आधी आरशाला कळतं,
मग कानाला.
गिऱ्हाइकाच्या गळ्यावरचा वस्तरा मी उचलून धरतो
अकरा मोजेपर्यंत, मग पुन्हा टेकवतो.
बावीस वर्षांची सवय. कुणी शिकवली नाही.

परवा ते विमान पडलं, इथून खूप लांब,
आणि मंगळवारपर्यंत माझ्या दुकानात
त्याची नऊ कारणं झाली.

खांदवे आण्णांच्या मते घार शिरली.
कचरा डेपो जवळ असला की घारी येणारच.
आण्णांची जमीन डेपोला लागून आहे.
होमिओपॅथ लिमये म्हणाले, पायलटला डुलकी लागली असणार,
हल्ली झोप कुणालाच नाही, आणि खिशातून कार्ड काढलं.
बांदलांचा ओंकार मोबाइल आडवा धरून
बारा सेकंदांचं तेच दृश्य चौथ्यांदा दाखवत होता,
"चाकं बघा, चाकं. आत घेतलीच नाहीत. थांबा, मागे नेतो."
मागे नेलं की विमान पुन्हा वर जायचं.
तेवढंच बरं वाटायचं.
कुणी म्हणालं इंधनात पाणी. कुणी म्हणालं अमावस्या.
मी म्हणालो, घातपात.
मला काय माहीत? पण कात्री चालू असताना
तोंड रिकामं ठेवता येत नाही.

केळुसकर सार्जंट खुर्चीत होते, गालांना फेस.
तारेच्या कुंपणापलीकडे, हँगरमध्ये
एकोणीस वर्षं पाने फिरवलेला माणूस.
"सार्जंट, तुम्ही बोला. तुम्हाला त्यातलं कळतं."
आरशातून सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.
"माहीत नाही," ते म्हणाले.
आण्णांना रागच आला. एवढी पेन्शन घेतो
आणि साधं एक कारण देववत नाही.

दुकान रिकामं झालं तेव्हा बोलले,
तेही आरशातल्या माझ्याशी.

"आमचं एक पडलं होतं. त्या सकाळी मीच तयार करून दिलं होतं.
छत्तीस हत्यारं पेटीतून काढली, छत्तीस परत ठेवली, सही केली.
चौकशी अकरा महिने चालली. अहवाल बंद पाकिटात वर गेला,
खाली आला नाही.
पण क्वार्टर्समध्ये तिसऱ्याच दिवशी ठरलं होतं,
रात्री बायकोशी भांडला होता म्हणे.
दूधवाल्यानं आवाज ऐकला म्हणे.
ती बाई ट्रकमध्ये सामान चढवत होती
आणि नळावर कुणीतरी मला विचारलं, खरं का हो?"

फेस वाळत चालला होता.

"मी मान हलवली.
भांडण असेल
तर माझा पाना नसेल ना."

वरून सव्वाचारचं गेलं.
अकरा मोजून झाले, तरी मी वस्तरा
तसाच हवेत धरून उभा.

मग लक्षात आलं, दर खेपेला
माझ्या फळीकडे बघत हा माणूस ओठ का हलवतो.
बसताना एकदा, उठताना एकदा.
कात्र्या दोन, वस्तरा, ब्रश, तुरटी, कंगवे दोन.
"सात होत्या, सात आहेत," या वेळी मोठ्यानं म्हणाले,
सुट्टे पैसे ठेवले आणि छत्री विसरून गेले.

बुधवारी दहावं कारण आलं. ओंकारनं आणलं, ताजं.
मी नको म्हणत होतो,
पण मान हलते हो.

रात्री शटर ओढण्याआधी मीही मोजून बघितलं.
सहा.
पुन्हा मोजलं. सहाच. एक कंगवा नाही.
सोनपेठहून आलेला नवा पोरगा केस झाडत होता.
"यानंच उचलला असणार," मी म्हणालो,
त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात,
स्वतःच्या वरच्या खिशात हात घालायच्या आधी.