गुरुवारचं केळं

बोल्टनला आल्यावर आयुष्यात पहिल्यांदा
मी केळी मोजून घेतली. पाच. पिशवीत कोंडलेली.
सावद्याच्या स्टेशनात ज्यांनी वॅगनी भरताना पाहिल्यात
त्यांना केळ्यांच्या बाबतीत पाच हा आकडा
बोलायलाही संकोच वाटतो.

तिसऱ्या दिवशी ठिपके, पाचव्या दिवशी चिलटं.
अण्णांना फोन लावला : टिकवायची कशी?
ते इतके हसले की ठसका लागला.
"केळं काय ठेवाची चीज आहे, बाई?
ते जाची चीज आहे."

खरंच होतं त्यांचं. आमच्याकडे घाई ती पिकवायची,
बंद खोली, धुरी, वर ओलं गोणपाट,
आणि जे हिरवं ते त्याच दुपारी दिल्लीच्या वाटेला.
थांबवणं कुणी शिकलंच नव्हतं
तर शिकवणार काय?

इथे शिकले. चुकत.
पिशवीतून आधी बाहेर काढायची, घुसमटतात.
देठाला प्लॅस्टिकची पातळ पट्टी घट्ट गुंडाळायची,
बाळंतिणीचे कान बांधतात तशी.
हुकाला टांगायची, म्हणजे त्यांना वाटतं
आपण अजून झाडालाच आहोत
(हे मॉरीनचं म्हणणं. केळ्यांना काय वाटतं मला ठाऊक नाही).
रेडिएटरपासून लांब.
आणि सफरचंदांच्या शेजारी तर मुळीच नाही.
सफरचंद उसासे टाकतं, ना आवाज ना वास,
आणि शेजारचं केळं चार रात्रींत म्हातारं होतं.
अशी माणसंही पाहिलीत. नावं घेत नाही.

पिकली की मग फ्रीज.
साल काळीठिक्कर पडते, गर आत शाबूत राहतो.
लीलाधर अजून फसतो. दार उघडतो, नाक मुरडतो,
दोन बोटांत धरून कचऱ्याच्या डब्याकडे निघतो.
सोलून दाखवावं लागतं, दरवेळी.

भिंतीपलीकडे मॉरीन एंटविसल, वय ब्याऐंशी.
ती काहीच गुंडाळत नाही, टांगत नाही.
दुकानात तीन फण्यांतून एकेक केळं तोडून घेते,
एक पिवळं, एक पोपटी, एक कच्चं,
काउंटरवरचा पोरगा बघतच राहतो.
घरी आली की सालीवर बॉलपेनने वार लिहिते.
मंगळवार. बुधवार. गुरुवार.
पुढचं पुढे, म्हणते.
मी गणिताची पदवीधर, मला हे सुचलं नव्हतं.

नोव्हेंबरात ती न्हाणीघरात पडली. खुबा.
ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना तिने किल्ली माझ्या मुठीत दिली.
मला वाटलं मांजर सांगेल, हीटर सांगेल.
म्हणाली, "बुधवारचं खाऊन टाक, वाया जाईल."

तिच्या ओट्यावर मंगळवार अर्धा खाल्लेला,
बशीत, चमच्याशेजारी.
बुधवार मी उभ्या उभ्याच खाल्ला, कोट न काढता.
गुरुवार कच्चाच होता अजून.
घरी आणला.

मग त्याच्यावर सगळी विद्या लावली.
देठाला पट्टी. हुकावर एकटाच.
लीलाधरने आणलेली सफरचंदं वर माळ्यावर नेऊन ठेवली.
पिवळा झाला तसा फ्रीजमध्ये, भाजीच्या कप्प्यात, मागे.
वॉर्डातली बाई फोनवर म्हणते, पुढच्या आठवड्यात.
पुढच्या आठवड्यातही तेच म्हणते.

साल आता पूर्ण काळी आहे
आणि निळी शाई त्या काळ्यात बुडून गेलीय.
पण मॉरीन पेन दाबून लिहिते.
अंगठा फिरवला की लागतो,
खोलगट, नखाने ओढल्यासारखा, गुरुवार.

काल रात्री लीलाधरने फ्रीज उघडला, ते उचललं,
उजेडात थोडा वेळ धरलं,
आणि होतं तिथे परत ठेवलं.
काही बोलला नाही.

उद्या पुन्हा गुरुवार.
दूध जास्त आणायला हवं, शिकरणापुरतं.
नाहीच आली तर चहाला होईल.