पोच

माझा प्रोग्राम रात्री अकराला सुटायचा
आणि दहा मिनिटांत शून्य परत करायचा.
आमच्या धंद्यात शून्य म्हणजे सगळं ठीक.
आकडे असतात ते चुकांना.

त्या रात्री डिस्क भरली.
कुणीतरी शिवारावरून उडवलेल्या ड्रोनचे व्हिडिओ
आणून ओतले होते.
परभणीच्या माती प्रयोगशाळेची यादी
गावागावांनी उतरत होती,
नत्र, स्फुरद, पालाश, सामू,
आणि एका ओळीत 'पिं' लिहून झाल्यावर
पुढच्या अक्षराचा एकच बाइट मावला.
अक्षर तीन बाइटचं.
पडद्यावर त्याचं होतं एक काळं चौकट-भूत,
पोटात प्रश्नचिन्ह.
पिंपरी, पिंपळा, पिंपळगाव, पिंगळी:
त्या एका बाइटवरून सांगता येत नाही,
तो तर साऱ्या देवनागरीचा पहिला बाइट.

त्यानंतरची गावं नव्हतीच.
प्रोग्राम शून्य म्हणाला आणि झोपला.

सकाळी द्वारकाबाई लोखंडे खिडकीशी.
"अर्धा किलो माती दिल्ती, बाई,
एसटीत मांडीवर धरून आणली.
कुठं गेली?"
मी म्हणाले, प्रोग्राम म्हणतो सगळं लिहिलं.

आवक-जावकचे मुंजाजी काका
(निवृत्तीला चार महिने, कानावर पेन)
मान वर न करता बोलले,
"तो म्हणतो. पण पोच कुठंय?"

दुपारभर मी माझाच कोड वाचला.
लिही, लिही, लिही, असं मी सांगत गेले
आणि तो 'हो' म्हणत गेला.
लिहीत नव्हता. खिशात ठेवत होता.
बफर म्हणतात त्या खिशाला.
खिसा भरला की रिकामा करायचा,
उरलंसुरलं फाइल मिटताना,
आणि डिस्क 'नाही' म्हणाली
तेव्हा मी पाठ फिरवून निघालेले.
निरोप सांगून वळलेल्या माणसाच्या
पाठीला कोण काय सांगणार?

दुरुस्ती सहा ओळींची.
खिसा झाड. उत्तर ऐक.
फाइल मीट. त्याचंही उत्तर ऐक.
नकार आला तर दुसऱ्या तोंडाने बोल,
यादीच्या वाटेनं नाही, ती तर बंदच आहे,
चुकांसाठी ठेवलेल्या वाटेनं,
आणि शून्य परत करू नकोस.

एक अपवाद मी मुद्दाम ठेवला.
समोरचा प्रोग्राम पहिल्या दहा ओळी घेऊन
उठून गेला, तर कांगावा करायचा नाही.
त्याला तेवढंच हवं होतं.
तिथं मुकाट्यानं थांबायचं.
(हे मला माणसांच्या बाबतीत
अजून जमत नाही.)

लिनक्समध्ये एक फाइल असते, कायम भरलेली.
तिच्यात काही मावत नाही,
नाही म्हणणं एवढीच तिची नोकरी.
तिच्या तोंडाशी नेऊन मी यादी सोडली.
पडद्यावर आलं:
लिहिता आलं नाही. जागा शिल्लक नाही.
आणि खाली, पहिल्यांदाच, एक.

काका खुर्ची मागे सरकवून बघायला आले.
"आता खरं बोलायलंय," म्हणाले,
आणि चहा सांगितला, स्वतःच्या पैशानं,
जे सहसा होत नाही.

व्हिडिओ हलवले. यादी पुन्हा सोडली.
द्वारकाबाईंच्या मातीत पालाश भरपूर,
स्फुरद कमी, सामू आठच्या वर.
कागद त्यांच्या हातात देऊन
काकांनी डाकवही पुढे सरकवली.

त्यांनी पेन मुठीत धरलं.
द्वा-ला वेळ लागला, र त्यामानानं लवकर,
का-च्या कान्यापाशी पेन अडलं,
काकांनी ते झटकून परत दिलं.
मागं सात माणसं रांगेत.
मला खिडकी सोडून आत जायचं होतं,
फोन वाजत होता.
बाईंनी शेवटी सगळ्यावरून
एक रेघ ओढली, वाकडी, अखंड.

मी तोवर उभी राहिले.