व्यसनाचा रकाना

पगार मॅडमना तीस वर्षांतली फुप्फुसं मोजायची आहेत.
सगळी नव्हेत, फक्त कापून काढलेली.
म्हणून तळघराची किल्ली,
म्हणून मी :
गर्गे सरांचं अक्षर लागणारा
या इमारतीत मी एकटाच उरलोय.

पहिलं रजिस्टर. कापडी पुठ्ठा, कोपरा वाळवीनं खाल्लेला.
मी वाचतो, त्या लॅपटॉपवर टिपतात.
सानप कारभारी, सिन्नर, अठ्ठावन्न, पुरुष.
व्यसन : बिडी, रोज दोन बंडलं. प्रकार : स्क्वॅमस.
गांगुर्डे यादव, भगूर. बिडी. स्क्वॅमस.
शेख मोहिद्दीन, चौक मंडई. बिडी, मग सिगारेट. स्क्वॅमस.
थोड्या वेळानं मी नाव उच्चारायच्या आत
मॅडमचं बोट त्या खणावर जाऊन बसलेलं असतं.

सर तेव्हा हाक मारायचे, "इकडे ये, मोती बघ."
मी भिंगाला डोळा लावायचो.
गुलाबी चकत्या, एकीत एक गुंडाळलेल्या,
आडव्या चिरलेल्या कांद्यासारख्या.
"पुस्तकातही मोतीच म्हणतात," म्हणायचे,
आणि खिशातलं पाकीट चाचपत जिना उतरायचे.

पाचवं रजिस्टर, पान एकोणनव्वद.
गर्गे. वय, पत्ता, सिगारेट.
त्यांचा तुकडाही मीच कापला होता, चार मायक्रॉन,
हात हलला नाही.
हलला असता तर बरं वाटलं असतं.
मॅडमनी मान वर केली नाही,
मीही पुढचं नाव वाचलं.

"काका, बदल नेमका कोणत्या पानापासून?"
काय सांगू.
गंगापूर रोडच्या बागा संपून
बंगले कोणत्या तारखेला सुरू झाले
ते कोणी लिहून ठेवलंय का?
सातव्यात एखादी एडिनो, पाहुणीसारखी.
आठव्यात बायकांची नावं.
नवव्यात मोती शोधावे लागतात,
आणि काचेवर आता छोट्या छोट्या ग्रंथी,
मधोमध पोकळ, घोसानं लटकलेल्या.
नवे साहेब म्हणाले, याच्या लॅटिन नावाचा अर्थ द्राक्ष.
मी पिंपळगावचा.
त्या हंगामात मला द्राक्षं गेली नाहीत.

गाठीही जागा बदलून बसल्या.
आधी मोठ्या नळीच्या तोंडाशी असायच्या, खोकून खोकून सांगायच्या.
आता पार कडेला, चुपचाप,
दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या फोटोत सापडतात.

बोरस्ते सिंधू, ओझर, एकावन्न. व्यसन : नाही.
ही आठवते. मुंबईला जनुकं तपासायला ब्लॉक पाठवायचे होते,
ते न्यायला स्वतःच आली होती, लेकीबरोबर.
बाकावर बसून म्हणाली,
"मी सुपारीसुद्धा खात नाही हो, तेवढं लिहा ना कुठं तरी.
लोक विचारतात, मग गप्प होतात."
लिहिलेलंच होतं. दाखवलं तिला.
तिनं त्या शब्दावर बोट ठेवलं, क्षणभर.

मॅडमचा तक्ता छान झाला आहे.
एक निळी रेघ उतरते, एक तांबडी चढते,
मध्ये कुठेतरी छेदतात.
मी म्हटलं, यात टेबलापर्यंत पोचलेलेच आहेत बरं का.
जे उशिरा आले, जे आलेच नाहीत,
ज्यांचा प्रकार सुरीची वाटच पाहत नाही,
त्यांची रेघ कुठली?
"ते लिहिते मी, मर्यादा म्हणून, शेवटी,"
त्या म्हणाल्या. भल्या आहेत.

शेवटचं रजिस्टर. सानप हौसाबाई कारभारी,
सिन्नर, एकाहत्तर. बिडी कामगार, निवृत्त. एडिनो.
मी थांबलो. मॅडम थांबल्या नाहीत;
लॅपटॉपला ती फक्त नवी ओळ.
जन्मभर वळल्या, ओढली एकही नसेल.
किंवा ओढलीही असेल, कोण जाणे.

कारण व्यसनाच्या रकान्यात शब्द नाही,
एक आडवी रेघ आहे.
"काका, ही रेघ म्हणजे नाही,
की विचारलंच नाही?"

मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.
हे अक्षर गर्गे सरांचं नव्हे.
माझं आहे.