भिंतीलगतचं पाणी

रात्रीचे अकरा, दाजी पेठ.
पंखा गरम हवाच ढवळतोय.
खिडकीच्या गजाला हात लावला तर
दुपार अजून त्यात बसलेली.
लॅपटॉपखाली मी दोन वाट्या पालथ्या घालते,
त्यालाही श्वास हवा,
आणि पाणी सोडते खांबांमधून.

खांब म्हणजे काय, तर
डोक्यावरचा एक केस चिरत जायचा,
पाचशे वेळा,
त्यातली एक चीर.
अशा चौसष्ट, आठ रांगांत,
सिलिकॉनच्या जमिनीवर उभ्या.
खालून ताप येतो, पाण्याने तो न्यायचा.
पाण्याचे मी एकोणीस लाख कप्पे पाडलेत,
खांबाजवळ बारीक, दूर जाता जाता मोठे.

नायना मागून वाकून बघतात.
"वीण चुकली की गं.
कडेला घट्ट, मधी ढिली.
असली चादर कोण घेईल?"

कडेलाच सगळं घडतं, नायना.
मधलं पाणी धावतं,
शेजारचं रेंगाळतं,
भिंतीला टेकलेलं मात्र हलतच नाही. शून्य.

"म्हणजे आमचा मल्लेशम.
गिरणी बंद पडून वर्ष झालं तरी
भोंग्याच्या वेळेला गेटाला टेकून उभा."
मी हसले,
आणि ते हसलेले नव्हते.

मग विचारतात,
"गरम पाणी वर जातं,
एवढं तरी घातलंस ना त्यात?"
नाही घातलं.

एकतीस वर्षं रंगाच्या हौदावर
काठीने सुताच्या लड्या उलथवल्या त्यांनी,
वरची खाली, खालची वर,
कारण वरचं पाणी जास्त तापट,
आणि न उलथवलेल्या लडीला पट्टा पडतो,
लाल आणि त्याहून लाल,
आणि पट्ट्याचे पैसे पगारातून.

इतक्या लहान जागेत, मी म्हणते,
वजनाला कुणी विचारत नाही.
पाणी आपल्याच चिकटपणात गुंतलेलं,
वर कुठे आणि खाली कुठे, त्याला कळत नाही.

बराच वेळ गप्प.
"बरंय की मग.
पट्टा नाही पडणार."

पण माझं उत्तर जुळत नाहीये,
तीन आठवडे झाले.
मी धरून चालले होते
की खांब आणि पाणी जिथे भेटतात
तिथे दोघांचा ताप एकच.
मोठ्या वस्तूंना ते चालतं.
इथे नाही चालत. इथे खांब त्र्याऐंशी
आणि त्याला बिलगलेलं पाणी एकोणऐंशी.
मधे फट नाही, हवा नाही,
मधे काही असायला जागाच नाही,
आणि चार अंश अडलेले.
त्या अडण्याला आकडा द्यायचाय.
केवढा, ते मला ठाऊक नाही.

नायना चहाचा स्टीलचा पेला
काठाला नाही, पोटाला धरतात.
आई रोज ओरडते.
त्या हाताला आता गरम लागत नाही.
पूर्वी मनगटापर्यंत हौदात घालून सांगायचे : साठ.
फोरमन थर्मामीटर काढायचा : एकसष्ट.

"नायना, तुम्हाला काय कळायचं?
पाणी किती गरम ते, की हात किती गरम झाला ते?"

ते पेला खाली ठेवतात.
"हातच. पाण्याचं पाण्याला ठाऊक.
मी नेहमी एक कमी सांगायचो.
दर वेळी एकच. फोरमन म्हणायचा, यंत्र चुकतंय."

मी आकडा बदलते. अंदाजानेच.
पुन्हा चालू करते.
चूक उतरू लागते, अडखळते, परत उतरते.
पलीकडच्या बोळात कुणाचा तरी माग
एवढ्या रात्रीही खटखटतोय.
पडद्यावर निळ्यातून हिरवं, पिवळं,
खांबांच्या पायथ्याशी लाल.

नायना डोळे बारीक करून बघतात.
"हा लाल कच्चा आहे," म्हणतात,
"पहिल्या धुण्यात जाईल,"
आणि तिथेच बसून राहतात.