नमुना

बांधापासून दूर, झाडाच्या सावलीपासून दूर,
शेणखताचा ढीग पडतो तिथून तर फारच दूर;
रानात नागमोडी चालत आठ खड्डे, वीतभर खोल.
माझं काम एवढंच.

मंद्रूपच्या त्या शिवारात सुगलाबाई हविनाळे
माझ्या मागून चालत होती
आणि प्रत्येक खड्डा टाचेनं बुजवत होती.

आठ ठिकाणची माती गोणपाटावर एक केली,
चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले.
पुन्हा एक, पुन्हा चार, पुन्हा दोन टाकले.
अर्धा किलो उरेपर्यंत असंच करायचं असतं.
"टाकतीस कुठं? माझं रान हाय त्ये."
टाकलेली माती तिनं ओट्यात भरली,
परत नेऊन पसरून आली.
मग उरलेल्यातली चिमूट जिभेवर ठेवली, थुंकली.
"उप्पु," म्हणाली.
मीठ.

आठवड्यानं सोलापुरात यंत्रानं तेच सांगितलं,
फक्त दशांश चिन्हासकट.
क्षारता दोन पॉइंट आठ.
सेंद्रिय कर्ब शून्य पॉइंट तीन एक.
वीस वर्षांचा ऊस, पाटाचं मोकाट पाणी,
आणि दर फेब्रुवारीत पेटवलेलं पाचट,
ज्याची काळी पानं उडत
वडकबाळच्या पुलापर्यंत जायची.

मी कार्डावर लिहिलं:
चर काढा. पाचट जाळू नका. ताग गाडा.
लिहायला काय जातं,
माझ्या नावावर एक गुंठा नाही.

पहिल्या वर्षी पाचटात उंदीर झाले. उतारा घटला.
दीर काडीपेटी घेऊन दोनदा बांधावर आला,
दोनदा ही पाचटावर जाऊन बसली,
शेंगा फोडत, काही न बोलता.
मला फोन आला. मी उचलला नाही.

दुसऱ्या वर्षी ऊस मोडून ताग पेरला.
कमरेइतका वाढला, पिवळा फुलला,
आणि ऐन फुलातच नांगर घालायचा असतो.
त्या दिवशी ती रानात गेली नाही म्हणे.
दारात बसून फक्त ट्रॅक्टर ऐकत राहिली.

त्याच रानात मग ज्वारी. एकरी आठ पोती,
आणि कडबा एवढा
की दीरच मागायला आला.
दिला तिनं. पेंढ्या मोजून दिला.

ज्वारी निघाल्यावर मी पुन्हा गेले, घमेलं घेऊन.
फावडं या खेपेला सहज उतरलं.
खड्ड्याच्या कडेला एक गांडूळ कापलं गेलं
आणि माझ्या तोंडून "सॉरी" निघालं.
सुगलाबाई एवढी हसली
की तिला गोणपाटावर बसावं लागलं.

कर्ब आता शून्य पॉइंट चार तीन.
"म्हंजी वाढलं किती?"
किलोभर मातीत एवढं, म्हणत
मी चिमूट पुढं केली.
तिनं चिमटीकडे पाहिलं,
मग रानाच्या पार टोकाकडे,
आणि ओठ हलवत
किलो मोजायला लागली.